गेला की नेला?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळचे पावणेअकरा झाले असतील. पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. तो राहतो डॅलसजवळ, प्लेनोत. तिथे आदल्या रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले. अशा वेळी परदेशातून फोन आला की माणूस आधी बसून घेतो. त्याचं पहिलंच वाक्य, "काका, लुका गेला."

मराठीत 'गेला' म्हटल्यावर दुसरं काय डोक्यात येणार? पंचवीस वर्षांचा पोरगा, गाडीचा अपघात वगैरे झाला की काय? "अरे, कसा?" तर म्हणे, "लॉस एंजेलिसच्या लेकर्सला दिला. अँथनी डेव्हिसच्या बदल्यात." आणि वर, "बातमी देणाऱ्याचं खातं हॅक झालंय असं सगळे म्हणतायत." खातं शाबूत होतं. शॅम्स चरानिया या पत्रकाराला मात्र पुन्हा लिहावं लागलं, की बाबांनो, हे खरं आहे.

लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा बास्केटबॉलपटू. एकोणिसाव्या वर्षी डॅलस मॅव्हरिक्समध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याने संघाला एनबीए लीगच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. त्याच्याआधी डर्क नोविट्स्की त्याच क्लबाकडून २१ मोसम खेळला होता. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. डॅलसकरांनी गृहीत धरलं होतं, की पुढचा पुतळा लुकाचा. सौद्याच्या दुसऱ्या दिवशी नोविट्स्कीच्या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं ठेवली आणि कुणीतरी शवपेटीही आणली. म्हणजे 'गेला'चा मी लावलेला अर्थ फारसा चुकला नव्हता.

तेव्हापासून मला या क्रियापदांचा चाळा लागला आहे. खेळाडू 'गेला' म्हणायचं, 'नेला' म्हणायचं की 'दिला'? आणि नव्या गावी तो 'आला' की 'आणला'? खेळाडूंच्या अदलाबदली आणि ऑल-स्टार म्हणजे निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठीच्या निवडी, या दोन्हींत चाहत्याचा शब्द किती चालतो हे बघायचं, तर आधी ही क्रियापदंच लावून घ्यावी लागतात.

तिकडची पद्धत आपल्याला चटकन पचत नाही. खेळाडूचा करार क्लबाशी असतो, पण क्लब तो करार जसाच्या तसा उचलून दुसऱ्याच्या ओटीत टाकू शकतो. खेळाडूला विचारायचं बंधन नाही. मला विचारल्याशिवाय हलवायचं नाही, हे कलम लिहून घेतलेले खेळाडू त्या वेळी सगळ्या एनबीएत दोनच होते, लेब्रॉन जेम्स आणि ब्रॅडली बील. पगारांच्या बेरजेवर मर्यादा असल्यामुळे मोठा पगार पाठवायचा तर मोठाच पगार घ्यावा लागतो. उरलेला फरक भरून काढायला 'पिक' असतात. पिक म्हणजे भविष्यातल्या एखाद्या वर्षी नव्या मुलांमधून एक निवडण्याचा हक्क. लुकाच्या बदल्यात डॅलसला डेव्हिस आणि मॅक्स क्रिस्टीबरोबर लेकर्सचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक मिळाला. त्या पिकवर जो मुलगा येणार, तो तेव्हा नववी-दहावीत शिकत असेल. चाहत्याला सांगायचं, तुझा लुका दिला, पण त्याच्या बदल्यात एक दहावीतला मुलगा मिळणार आहे. आणि त्याने समजून घ्यायचं!

हे सगळं ठरवणारा डॅलसचा व्यवस्थापक निको हॅरिसन म्हणाला, की अजिंक्यपद बचावाने जिंकलं जातं. लुकाचं वजन, त्याच्या दुखापती आणि लवकरच द्यावा लागणारा सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा करार, हेही मागे होतंच. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. प्रेक्षागृहात हॅरिसनला काढा अशा घोषणा सुरू झाल्या, त्या थांबल्याच नाहीत, आणि ११ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याला काढण्यात आलं. मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. नव्या खेळाडूंच्या सोडतीत अवघी १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक डॅलसला लागला आणि कूपर फ्लॅग नावाचा अठरा वर्षांचा पोरगा त्यांच्या पदरात पडला. पुतण्याचे सहकारी आजही शपथेवर सांगतात, की ही लुकाच्या बदल्यात मिळालेली भरपाई आहे. पुरावा मागितला तर खांदे उडवतात.

चाहत्यांचं रडगाणं दरवेळी बरोबरच असतं असं मात्र मी म्हणणार नाही. याच डॅलसमध्ये ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या काउबॉइज संघाने आपला एकमेव चमकता खेळाडू हर्शल वॉकर मिनेसोटाला देऊन टाकला. बदल्यात खेळाडू आणि पिक यांचा ढीग घेतला. त्या मोसमात १६ पैकी १५ सामने हरले. शहराने कपाळावर हात मारला. पण त्या पिकांतून उभ्या राहिलेल्या संघाने पुढच्या सहा-सात वर्षांत तीन सुपर बोल जिंकले. हॅरिसनच्या डोळ्यासमोर हे उदाहरण असेलही. फरक इतकाच, की काउबॉइजनी वॉकर दिला तेव्हा त्यांचा संघ तळाला होता आणि हॅरिसनने लुका दिला तेव्हा संघ नुकताच अंतिम फेरी खेळून आलेला. पडक्या घराचं छप्पर काढणं वेगळं आणि राहत्या घराचं काढणं वेगळं.

यापेक्षाही मोठा आकांत झाला होता तो कॅनडात. आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झकी हा एडमंटनचा. पाच मोसमांत त्याने चार वेळा स्टॅनली कप आणला होता. चौथा कप जिंकून तीन महिने झाले नव्हते आणि लग्नाला महिनाही, तोवर ९ ऑगस्ट १९८८ रोजी मालक पीटर पॉकलिंग्टनने त्याला लॉस एंजेलिसला दिला. दीड कोटी डॉलर रोख, शिवाय काही खेळाडू आणि पिक. पत्रकार परिषदेत ग्रेट्झकीला बोलवेना, डोळे पुसत बसला. मालकाचे पुतळे जाळले गेले आणि नेल्सन रीस या खासदाराने तर सरकारनेच हा सौदा अडवावा अशी मागणी केली. सरकारने अर्थातच काही केलं नाही. पुढे १९९० मध्ये एडमंटनने त्याच्याविना कप जिंकला. ग्रेट्झकीला मात्र पुन्हा कधीच तो मिळाला नाही. इतक्या अश्रूंनंतर नियतीने असा निकाल द्यावा, याला काय म्हणावं?

ग्रेट्झकी रडला, लुका हबकला, पण 'मी जाणार नाही' म्हणणारा एकच आठवतो. कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्समध्ये बारा वर्षं काढलेला बेसबॉलपटू, सेंटरफिल्डला चेंडू टिपण्यात अव्वल. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला कळवण्यात आलं, की तुला फिलाडेल्फियाला दिलं आहे. तेव्हाच्या करारात एक कलम असे, त्यामुळे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबाकडेच राही. फ्लडने नाताळच्या आदल्या दिवशी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं, की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. गलेलठ्ठ पगारावर त्याने पाणी सोडलं, अख्खा १९७० चा मोसम घरी बसला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तो कृष्णवर्णीय होता. पगार भरपूर असला तरी गुलाम तो गुलामच, असं तो दूरचित्रवाणीवर म्हणाला तेव्हा पुष्कळांना ते झोंबलं. तीन वर्षांनी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ते कलम मोडीत काढलं. आजचे कोट्यवधींचे करार त्यातून आले. फ्लडच्या हाती काही लागलं नाही.

या इतिहासाला विनोदाचीही किनार आहे. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला, एक फटका मारला, डगआउटमध्ये आला तर कळलं की आपल्याला माँट्रिअलला दिलंय. विमान पकडून रात्री फिलाडेल्फियात पोचला, नव्या संघाच्या कपड्यांत उतरला आणि तिथेही एक फटका मारला. एका दिवसात दोन शहरांत, दोन संघांकडून. आमच्या बँकेत बदलीच्या हुकुमानंतर सामान आवरायला निदान आठवडा तरी मिळायचा!

मुंबईच्या क्रिकेटमध्ये 'नेला' हा शब्द पूर्वी फारसा नव्हताच. खेळाडू कंपन्यांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत निरलॉन, मफतलाल, एसीसी, टाटा किंवा स्टेट बँकेकडून खेळायचा, कारण तो तिथे नोकरीला असायचा. नोकरी बदलली तर संघ बदलायचा आणि ते त्याचं तो ठरवायचा. रणजीला सगळे मुंबईचे. त्यामुळे कुणी 'आमचा' आहे की नाही हा प्रश्न पडत नसे. तो पडायला लागला २००८ पासून. पहिल्या वर्षी आयपीएलने हुशारी केली. सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग आणि युवराज यांना 'आयकॉन' म्हणून लिलावाबाहेर ठेवून आपापल्या गावी बसवलं. गावाने संघाला आपलं म्हणावं म्हणून. एकदा गावाने आपलं म्हटल्यावर दुसऱ्याच वर्षी झहीर मुंबईला आणि उथप्पा बंगळुरूला, नेहरा दिल्लीला आणि शिखर धवन मुंबईला अशी देवघेव सुरू झाली.

आयपीएलच्या अदलाबदलीत खेळाडूची संमती लागते, म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. पण खेळाडूने स्वतःहून हालचाल केली तर? २०१० मध्ये राजस्थानच्या रवींद्र जडेजाने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याला अख्खा मोसम बाहेर बसवलं होतं. जायचं असेल तर 'नेलं' पाहिजे, 'गेलं' नाही पाहिजे, असा त्याचा अर्थ. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, चेन्नईने संजू सॅमसनसाठी जडेजा आणि सॅम करन यांना त्याच राजस्थानला दिलं. १८ कोटींचा जडेजा १४ कोटींवर गेला. आपला पालघरचा शार्दूल ठाकूर तर अशा सौद्यांत २०१७ ला पंजाबहून पुण्याला, मग दिल्लीहून कोलकात्याला आणि शेवटी लखनौहून मुंबईला असा तीनदा फिरला. त्याच्यासाठी कुणी शवपेटी आणली नाही. चाहत्याचं दुःखही खेळाडूचा भाव बघून होतं, हे कबूल केलेलं बरं.

आता हार्दिक पंड्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला गुजरातकडून आणला. १५ कोटींच्या करारावर, रोखीचा व्यवहार, वरची रक्कम कुणी जाहीर केली नाही. त्यासाठी खिसा मोकळा करायला कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला दिला. इथवर ठीक होतं, हार्दिक आमचाच जुना. पण १५ डिसेंबरला पाच वेळा कप आणलेल्या रोहितच्या जागी त्यालाच कर्णधार केलं, आणि मग जे झालं ते मी जवळून पाहिलं.

१ एप्रिल २०२४, वानखेडे, समोर राजस्थान. नाणेफेकीला संजय मांजरेकरने हार्दिकचं नाव घेतलं आणि चहूबाजूंनी हुर्यो उठली. मांजरेकरला माइकवरून सांगावं लागलं, की नीट वागा. पहिल्याच षटकात बोल्टने रोहितला पहिल्या चेंडूवर घालवलं, मग आणखी दोघांना शून्यावर. धावफलक ४ बाद २०. हार्दिक खेळायला आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ, चांगला पन्नाशीचा, कडेवर नातू, उभा राहून ओरडत होता. त्याच्या पाठीवर नाव होतं रोहितचं. त्या रात्री मुंबईच्या सर्वाधिक धावा हार्दिकच्याच होत्या, ३४. नंतर क्षेत्ररक्षण करताना रोहितने सीमेजवळून हाताने खुणावलं, पुरे करा. मी ओरडलो नाही, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. चर्चगेटहून परतीच्या लोकलमध्ये घसा बसला होता, एवढंच सांगतो.

मुंबई त्या वर्षी शेवटची, दहावी. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकायला हार्दिक आला, १६ धावा राखायच्या होत्या. पहिल्या चेंडूवर मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला, आणि ७ धावांनी कप आपला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत. हॅरिसनला निष्ठेचे धडे द्यायला निघालेल्या आम्हा चाहत्यांची निष्ठा ती एवढी. मालक निदान कागदावर सही तरी करतो.

अदलाबदलीत चाहत्याला विचारत नाहीत. विचारतात ते ऑल-स्टारच्या वेळी. ही कल्पनाच मुळी वर्तमानपत्राची. १९३३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, 'शिकागो ट्रिब्यून'चा क्रीडा संपादक आर्च वॉर्ड याने ठरवलं, की दोन्ही बेसबॉल लीगमधले उत्तम खेळाडू एकमेकांसमोर उतरवायचे आणि ते निवडायचे वाचकांनी. सामना रंगला, प्रथा पडली. पण लोकांना मत दिलं की लोक ते वापरतात, ही अडचण असतेच. १९५७ मध्ये सिनसिनाटीच्या लोकांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला, की नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या आठ जागांपैकी सात जागांवर त्यांच्याच रेड्स संघाचे खेळाडू आले. तिथल्या वर्तमानपत्राने आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापल्या होत्या. आयुक्त फोर्ड फ्रिकने दोन रेड्स काढले, त्यांच्या जागी विली मेज आणि हँक ॲरनला घेतलं आणि चाहत्यांचा मताधिकारच काढून घेतला. तो परत मिळाला १९७० मध्ये. खरं सांगायचं तर फ्रिकचं बरोबर होतं. मेज आणि ॲरनला बाहेर बसवणारी लोकशाही मलाही नको. पण मग विचारायचं कशाला?

एनबीएला हा झटका २०१६ मध्ये बसला. झाझा पाचुलिया नावाचा जॉर्जियाचा मेहनती, साधासुधा खेळाडू, तेव्हा डॅलसचाच, जगभरातल्या मतांवर कवाय लेनर्डला मागे टाकता टाकता अवघ्या चौदाएक हजार मतांनी राहिला. पुढच्या वर्षीपासून लोकांचं मत निम्म्यावर आलं, उरलेलं खेळाडू आणि पत्रकारांत वाटलं गेलं.

आणि अदलाबदल व ऑल-स्टार या दोन्हींची गाठ जिथे पडली ती गोष्ट जॉन स्कॉटची. सहा फूट आठ इंच उंचीचा हा आइस हॉकीपटू. संघात त्याचं काम गोल करणं नव्हतं, समोरच्याने आपल्या माणसाला धक्का दिला तर त्याला ठोकणं होतं. कारकिर्दीत २८६ सामने आणि गोल पाच. २०१६ च्या ऑल-स्टारसाठी लोकांनी थट्टा म्हणून त्याला मतं द्यायला सुरुवात केली आणि तो पॅसिफिक विभागाचा चक्क कर्णधार निवडून आला. लीगची पंचाईत झाली. त्याने माघार घ्यावी म्हणून गळ घातली गेली. तुझ्या मुलींना तुझा अभिमान वाटेल का, असं एकाने विचारलं, हे त्याने नंतर स्वतः लिहिलं. तिथेच त्याचं डोकं सटकलं. आधी त्यालाही हे ओझंच वाटत होतं. १५ जानेवारीला ॲरिझोनाने त्याला माँट्रिअलला दिला आणि माँट्रिअलने थेट न्यूफाउंडलंडच्या दुय्यम संघात धाडला. बायको गरोदर, पोटात जुळी. लीगने हेतू नाकारला, पण लोक काय समजायचं ते समजले. एवढा ओरडा झाला, की स्कॉटला खेळू द्यावंच लागलं.

३१ जानेवारी, नॅशव्हिल. तीन विरुद्ध तीन असा वेगवान खेळ, त्यात हा हत्ती. पण पठ्ठ्याने दोन गोल केले आणि त्याचा संघ जिंकला. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानाच्या यादीत लीगने त्याचं नाव घातलं नव्हतं, तर लोकांनी ते स्वतःहून लिहून पाठवलं. ज्यांच्या रांगेत हा शोभणार नाही म्हणून लीग घाबरली होती, त्याच ताऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. थट्टेतून सुरू झालेली निवड खरी झाली, आणि ती खरी केली लीगच्या उपद्व्यापाने.

आपल्याकडे असा सामना नाही. जानेवारी २०२० मध्ये आयपीएलची ऑल-स्टार लढत जाहीर झाली होती, पण करोनाच्या धामधुमीत ती राहून गेली ती गेलीच. त्याची मला फार हळहळ नाही, कारण निवडीवरून भांडायला मुंबईकराला कधी मतपत्रिका लागलेली नाही. अमेरिकन ज्याला 'स्नब' म्हणतात त्याला आपला 'डावलला' हा कितीतरी वजनदार शब्द आहे. पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण बेदी होता म्हणून भारताची टोपी नाही. अमोल मुजुमदारने पदार्पणात २६० केले, कारकिर्दीत ११,१६७ धावा, कसोटी शून्य. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे आकडे कुणालाही पाठ असतात. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून मुजुमदार मैदानात होता. माझ्या शेजारच्या आजोबांनी टीव्हीसमोर टाळी वाजवली आणि लगेच म्हणाले, "तरी एक कसोटी द्यायला हवी होती."

लुका ९ एप्रिल २०२५ रोजी लेकर्सच्या कपड्यांत डॅलसला परत आला, तेव्हा पुतण्या सामन्याला गेला होता. सामन्याआधी पडद्यावर लुकाची चित्रफीत दाखवली, तो बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत होता. मग उठला आणि आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ४५ गुण ठोकले. प्रत्येक बास्केटला डॅलसचं स्टेडियम दणाणत होतं. आपण हरतोय याची कुणाला शुद्ध नव्हती, असं पुतण्या सांगतो.

पुतण्याकडे मोसमाचं तिकीट अजून डॅलसचंच आहे. ऑल-स्टारचं मतदान सुरू झालं की रोज एक मत देता येतं. रात्री जेवणं झाली की तो आणि त्याची बारा वर्षांची लेक सोफ्यावर आपापले फोन काढून बसतात. पोरगी न चुकता कूपर फ्लॅगच्या नावावर बोट ठेवते. यादीत दोघेही पश्चिम विभागातच, त्यामुळे लुका शोधायला फार खाली जावं लागत नाही. "बाबा, तो आता आपला नाही ना?" तिने विचारलं. "तू तुझं बघ," असं म्हणत त्याने बटण दाबलं.